एरर कुणाची, हे ओळखण्यापुरता पाया

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. नोकरी सांभाळून गेले चार महिने मी रात्री प्रोग्रामिंग शिकतो आहे. सुरुवात थेट जँगोपासून, म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यापासून (फ्रेमवर्क), केली. एक व्हिडिओ मालिका पाहत ब्लॉग बनवला, तो चालला, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग स्वतःच्या मनाने एका छोट्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं ॲप करायला घेतलं आणि तिथे सगळं अडलं. पुस्तक दिल्याची वेळ प्रत्येक नोंदीला एकच येते. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की नव्या नोंदींना वेगळी वेळ येते, पण पुन्हा सगळ्यांना तीच. परतीच्या फॉर्ममध्ये उशिराचे १२ दिवस भरले आणि रोजचा दंड २ असला, तर एकूण दंड १२१२ दिसतो. त्याच फॉर्मवर आधी ४०३ असं एररचं पान येत होतं. नेटवर सापडलेली एक ओळ टाकल्यावर ते गेलं, पण ती ओळ नेमकं काय करते मला माहीत नाही.

ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, तू उलट्या टोकाने सुरुवात केलीस. आधी वर्षभर सी भाषा, डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम कर, मग वेबकडे बघ. माझी एक मैत्रीण स्वतः वेब डेव्हलपर आहे. ती म्हणते, कामावर फ्रेमवर्कच वापरायचं असतं, बाकीचं करता करता येतं. मला दोघांचंही पटतं. पण व्हिडिओ बंद केला की माझ्या हातून एक ओळ उतरत नाही, हेही खरं आहे. मी काय करू? आणि रिॲक्टही (वेबपानाचा दिसणारा भाग बांधायचं जावास्क्रिप्टमधलं साधन) आत्ताच सुरू करावं का?

– अर्ध्यावर अडकलेला

नमस्कार.

जँगो थांबवा. वर्षभर थांबवायची गरज नाही, साधारण सहा आठवडे पुरेत. मग याच वाचनालयाच्या ॲपवर परत या. तुम्ही लिहिलेल्या तीन अडचणी नीट वाचून मी हे सांगते आहे, त्यामुळे आधी त्या तिन्हींकडे बघू.

सगळ्या नोंदींना एकच वेळ येते, ही यातली सगळ्यात शिकवणारी अडचण आहे. मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदीत कोणती माहिती असेल ते सांगणाऱ्या क्लासमध्ये, वेळेच्या फील्डला डीफॉल्ट म्हणून तुम्ही टाइमझोन डॉट नाऊ दिलं असणार आणि त्यापुढे रिकामे कंस टाकले असणार. ते कंस काढा, वेळ बरोबर येईल. पण का काढायचे हे कळलं नाही तर हीच चूक दुसऱ्या वेशात पुन्हा भेटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. पायथॉनमध्ये फंक्शनचं नुसतं नाव लिहिलं, तर ते फंक्शनच आपल्या हातात येतं. ते दुसऱ्याकडे सोपवता येतं: हे घे, लागेल तेव्हा चालव. नावापुढे कंस आले की फंक्शन त्याच क्षणी चालतं आणि हातात येतं ते त्याचं उत्तर. मॉडेलची फाइल सर्व्हर सुरू होताना एकदा वाचली जाते. तुमच्या कंसांमुळे घड्याळ त्या क्षणी एकदाच पाहिलं गेलं आणि जी वेळ मिळाली ती डीफॉल्ट म्हणून कायम झाली. सर्व्हर पुन्हा चालू केलात, फाइल पुन्हा वाचली गेली, नवी वेळ कायम झाली. कंस नसते तर जँगोकडे घड्याळ पाहण्याचं काम सोपवलं गेलं असतं आणि प्रत्येक नव्या नोंदीला त्याने ते पुन्हा पाहिलं असतं.

यात जँगोचं म्हणावं असं काही नाही. फंक्शन आणि फंक्शनचं उत्तर यांतला हा फरक आहे आणि तो पायथॉनचा आहे. खरं तर एकट्या पायथॉनचाही नाही. उद्या रिॲक्टमध्ये बटणाच्या ऑनक्लिकला तुम्ही फंक्शनच्या नावापुढे कंस टाकून दिलं, तर बटण दाबण्याआधीच, पान तयार होतानाच ते फंक्शन चालेल, आणि तुम्ही रिॲक्टच्या व्हिडिओंमध्ये उत्तर शोधत बसाल. भाषा वेगळी, फ्रेमवर्क वेगळं, चूक तीच. आणखी एक: ही चूक इतकी सर्रास होते की जँगोने ती पकडण्यासाठी खास तपासणी ठेवली आहे. सर्व्हर चालू करताना टर्मिनलवर 'ठरावीक डीफॉल्ट दिलं आहे, तुम्हाला हे अपेक्षित नसावं' अशा अर्थाचा इशारा, आणि खाली काय वापरायचं त्याची सूचना, तुम्हाला बहुधा दिसली असेल. व्हिडिओ पाहत शिकणारा माणूस टर्मिनल वाचत नाही, कारण त्याचे डोळे दुसऱ्याच्या टर्मिनलवर असतात.

आता दंड. १२ दुणे २४ व्हायला हवेत, आणि तुम्हाला १२१२ मिळतात. ब्राउझरमधल्या फॉर्ममधून जे काही सर्व्हरकडे येतं ते मजकूर म्हणून येतं. तुम्ही चौकटीत १२ भरलेत, सर्व्हरला मिळालं एक आणि दोन या दोन अक्षरांचं स्ट्रिंग. पायथॉनमध्ये स्ट्रिंगला पूर्णांकाने गुणलं तर ते तितक्या वेळा लागोपाठ लिहिलं जातं. म्हणून '१२' दोनदा. त्या स्ट्रिंगचं आधी पूर्णांकात रूपांतर केलं की दंड २४ येईल. तुमचं एक प्रकारे नशीबच, की उत्तर इतकं विचित्र आलं. दर १ असता तर १२ गुणिले १ बरोबर १२ असं अगदी बरोबर दिसणारं उत्तर आलं असतं आणि ही चूक महिनोन् महिने लपून राहिली असती. जँगोच्या स्वतःच्या फॉर्म क्लासमध्ये संख्येचं फील्ड वापरलं की हे रूपांतर आपोआप होतं. पण ते फील्ड नेमकं काय करतं आणि कशासाठी आहे हे समजायला, फॉर्ममधून मजकूर येतो हे आधी माहीत असावं लागतं.

तिसरी गोष्ट मला खरोखर काळजीची वाटते. ४०३ म्हणजे सर्व्हरला विनंती समजली, पण ती मान्य करायला त्याने नकार दिला. तुम्ही टाकलेली ओळ सीएसआरएफ एक्झेम्प्टची असणार, कारण या प्रश्नावर नेटवर घाईघाईने दिलेल्या उत्तरांत तीच दिसते. ती काय करते सांगते. तुम्ही एखाद्या साइटवर लॉगिन केलं की साइट ब्राउझरला एक कुकी देते, आणि त्या साइटकडे जाणाऱ्या विनंतीसोबत ब्राउझर ती कुकी आपणहून पाठवतो. अडचण अशी की भलत्याच साइटवरच्या पानाने तुमच्या साइटकडे एखादा फॉर्म परस्पर पाठवला, तरी त्यासोबत कुकी जाऊ शकते. मग सर्व्हरला वाटतं की विनंती लॉगिन केलेल्या ग्रंथपालानेच केली. हे टाळण्यासाठी जँगो तुमच्या पानावरच्या फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन ठेवायला लावतो. ते टोकन भलत्या साइटला माहीत नसतं. तुमच्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) ते टोकन टाकणारी एक छोटी ओळ राहून गेली होती, म्हणून ४०३ आलं. तुम्ही ती ओळ घालण्याऐवजी पहाराच उठवलात. सीएसआरएफ एक्झेम्प्ट आजच काढा आणि फॉर्ममध्ये टोकन घाला.

आता तिन्ही एकत्र पाहा. पहिली चूक पायथॉनची, दुसरी ब्राउझर आणि पायथॉन यांच्या सीमेवरची, तिसरी वेब मुळात कसं चालतं त्याची. तुम्ही तिन्हींची उत्तरं जँगोत शोधत होतात, कारण तुम्हाला दिसत होतं ते फक्त जँगो. तुमची खरी अडचण मला ही वाटते. एरर आली की ती कुणाची आहे, भाषेची, फ्रेमवर्कची, डेटाबेसची की ब्राउझरची, हे ओळखता येईल इतका पाया हवा. त्याहून कमी असेल तर माणूस उत्तरं चिकटवत राहतो. त्याहून जास्त पाया चांगलाच, पण त्यासाठी फ्रेमवर्क अडवून ठेवायची गरज नाही.

या मापाने तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं तपासू. पाया हवा हे त्याचं बरोबर, पण किती आणि कोणता यात तो चुकतो. वाचनालयाचं ॲप लिहायला सी मधले पॉइंटर लागत नाहीत. तोल सांभाळणारे ट्री किंवा ग्राफवरचे अल्गोरिदम हे सुंदर विषय आहेत, पुढे जरूर शिका, काही मुलाखतींमध्ये विचारलेही जातात. पण आज त्यातलं काहीही तुमच्या तीन अडचणींपैकी एकही सोडवणार नाही. अल्गोरिदममधली एक कल्पना मात्र तुम्हाला लवकरच लागेल: काम वाढलं की खर्च किती पटीने वाढतो याचा अंदाज. समजा, तुम्ही बाहेर गेलेल्या १०० पुस्तकांची यादी दाखवता आणि प्रत्येकापुढे सभासदाचं नाव लिहिता. लूपमध्ये पुस्तकावरून सभासदाकडे गेलात की जँगो प्रत्येक वेळी डेटाबेसला वेगळी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, पाठवतो. यादीची एक आणि नावांच्या १००, अशा १०१ क्वेरी. चाचणीत १० पुस्तकं असतात तेव्हा काहीच जाणवत नाही. उपाय एका शब्दाचा आहे, सिलेक्ट रिलेटेड, आणि तो वापरला की दोन टेबलं जोडून सगळं एकाच क्वेरीत येतं. पण जॉइन म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला तो शब्द म्हणजे एक मंत्र वाटतो, आणि तो कुठे वापरायचा हे कधीच कळत नाही.

मैत्रिणीचं 'करता करता येतं' हेही खोटं नाही, पण ते तिच्या बाबतीत खरं आहे. ती काही करते तेव्हा खाली काय चाललं आहे याचं चित्र तिच्या डोक्यात असतं, म्हणून नवीन गोष्ट कुठे बसवायची ते तिला कळतं. मुरलेल्या लोकांना स्वतःला काय येतं हे बऱ्याचदा दिसेनासं होतं. त्या सल्ल्यामागे तिची आपुलकी आहे यात शंका नाही. तिला पुढच्या वेळी एक विचारा: एरर आल्यावर तू सगळ्यात आधी कुठे बघतेस? तिच्या उत्तरात तुम्हाला तो पाया दिसेल.

फ्रेमवर्क कशी जन्मली हे पाहिलं तरी क्रम लक्षात येतो. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या वेब विभागात तयार झालं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातम्यांच्या साइट्स झपाट्याने उभ्या कराव्या लागत होत्या, तीच तीच कामं पुन्हा करावी लागत होती, म्हणून तिथल्या प्रोग्रामरनी ती एका जागी बांधली. त्याच्या वर्षभर आधी, २००४ मध्ये, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्स हे रुबी भाषेतलं फ्रेमवर्क असंच एका चालत्या कामातून, बेसकॅम्प या ॲपमधून वेगळं काढलं. दोन्हीकडे आधी कंटाळा आला, मग फ्रेमवर्क आलं. तुम्ही तो कंटाळा अनुभवलेलाच नाही, त्यामुळे जँगोची प्रत्येक फाइल तुम्हाला पाळायचा नियम वाटते. तो कंटाळा थोडासा, सहा आठवड्यांपुरता, तुम्ही घ्यावा असं मला वाटतं.

तो असा. याच वाचनालयाचं काम जँगोशिवाय करा, पायरीपायरीने. नवी कल्पना शोधू नका. विषय ओळखीचा असला की लक्ष भाषेकडे राहतं.

पहिले दोन आठवडे फक्त पायथॉन आणि टर्मिनल. ब्राउझर नाही, डेटाबेस नाही. पुस्तकांची लिस्ट, प्रत्येक पुस्तक एक डिक्शनरी. पुस्तक देणारं एक फंक्शन, परत घेणारं एक, दंड काढणारं एक. दंडाचं फंक्शन आकडे घेईल आणि आकडा रिटर्न करेल, आत काही प्रिंट करणार नाही. प्रिंट आणि रिटर्न यांतला फरक सुरुवातीला अनेकांना कळत नाही, आणि तो कळेपर्यंत फंक्शन एकमेकांना जोडताच येत नाहीत. मग नोंदी फाइलमध्ये लिहा आणि परत वाचा. फाइल सापडली नाही तर काय, सभासदाने दिवसांच्या जागी नाव टाकलं तर काय, हे हाताळा. एकच लिस्ट दोन नावांनी धरून एका नावाने बदला आणि दुसऱ्या नावाने पाहा. बदल दोन्हीकडे दिसेल. हे एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. शेवटी पुस्तकाचा एक क्लास लिहा आणि त्यावरून दुसरा क्लास काढा, कारण जँगोचं मॉडेल म्हणजे दुसऱ्या क्लासवरून काढलेला क्लासच असतो.

या दोन आठवड्यांत ट्रेसबॅक वाचायची सवय लावा. पायथॉनमध्ये एरर आली की मोठा ढीग दिसतो. त्यातली शेवटची ओळ आधी वाचायची: काय बिघडलं ते तिथे असतं. मग तिथून वर सरकत सरकत तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइलचं नाव पहिल्यांदा जिथे येतं, तिथे थांबायचं. बहुतेक वेळा चूक तिथेच किंवा तिच्या जरा आधी असते. जँगोच्या पिवळसर एरर पानावरही हीच पद्धत चालते.

तिसऱ्या आठवड्यात फाइल सोडून डेटाबेस. वेगळं काही बसवावं लागत नाही. एसक्यूलाइट पायथॉनसोबतच येतं. तीन टेबलं करा: पुस्तकं, सभासद, देवघेव. टेबल बनवणं, नोंद घालणं, शोधणं, बदलणं, काढणं आणि दोन टेबलं जोडणं, इतकं एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) स्वतःच्या हाताने लिहा. देवघेवीत सभासदाचं नाव न लिहिता त्याचा क्रमांक का लिहायचा, हे एकाच माणसाचं नाव दोन स्पेलिंगने पडलं की लगेच कळतं. मग ओ'ब्रायन असं मध्ये अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह असलेलं नाव रोमन लिपीत घालून पाहा. क्वेरी तुम्ही स्ट्रिंग जोडून बनवली असेल तर ती तिथेच मोडेल. साध्या नावाने क्वेरी मोडते, तर कुणी मुद्दाम लिहिलेल्या मजकुराने ती हवी तशी वळवताही येते. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूल्य वेगळं पाठवायचं, हा त्यावरचा उपाय. जँगो तुमच्यासाठी हेच करतं, पण कधी कच्ची क्वेरी लिहायची वेळ आली तर ते तुमच्या हातात असतं.

चौथा आणि पाचवा आठवडा वेबसाठी, तरीही जँगोशिवाय. पायथॉनमध्ये डब्ल्यूएसजीआय नावाचा एक करार आहे: सर्व्हरने विनंती कशी द्यायची आणि तुमच्या फंक्शनने उत्तर कसं द्यायचं, याचा. २००३ मध्ये तो मांडला गेला. तुमच्या जँगो प्रकल्पात त्याच नावाची एक फाइल पडून आहे, बहुधा तुम्ही ती उघडलेली नसेल. पायथॉनसोबत येणारा छोटा सर्व्हर वापरून या करारावर १५-२० ओळींत पान दाखवता येतं. मग पुस्तकांचं पान वेगळं, सभासदांचं वेगळं, फॉर्मचं वेगळं, असं करताना इफ आणि एलिफची लांबलचक माळ तयार होईल, आणि जँगोची यूआरएल फाइल कशासाठी आहे ते कुणी न सांगता समजेल. एचटीएमएल स्ट्रिंगने जोडता जोडता वैतागाल, आणि टेम्प्लेट का असतात ते समजेल. सभासदाच्या नावात एचटीएमएलचा टॅग टाकून पाहा, ब्राउझर तो नाव म्हणून न दाखवता टॅग म्हणून वापरेल. जँगोचे टेम्प्लेट अशी चिन्हं आपोआप निष्प्रभ करतात. लॉगिन करायला जाल तेव्हा कळेल की एचटीटीपीला मागची विनंती आठवत नाही, प्रत्येक विनंती त्याच्यासाठी नवी असते, म्हणून कुकी आणि सेशन लागतात. हे लॉगिन फक्त शिकण्यापुरतं ठेवा. खऱ्या माणसांचे पासवर्ड स्वतःच्या हौशी कोडने कधीही साठवू नका, ते काम जँगो फार जबाबदारीने करतं.

याच काळात ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब रोज उघडा. गेट आणि पोस्ट या विनंत्या कधी जातात, २००, ३०२, ४०४, ५०० हे उत्तरांचे क्रमांक कधी येतात, फॉर्मसोबत नेमका कोणता मजकूर जातो, हे सगळं तिथे उघड दिसतं. माझ्या मते नवशिक्यासाठी याहून चांगलं फुकटचं पाठ्यपुस्तक नाही.

सहाव्या आठवड्यात जँगो पुन्हा उघडा आणि तेच ॲप नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये सुरू करा. जुना कोड समोर ठेवू नका. अडलात तर व्हिडिओकडे न जाता जँगोचे अधिकृत दस्तऐवज वाचा. सुरुवातीला ते रुक्ष वाटतील, पण आता त्यातले शब्द तुम्ही वापरलेले असतील.

हा क्रम माझ्या एकटीच्या मनातला नाही. जँगो गर्ल्स नावाचा उपक्रम २०१४ पासून अगदी नवख्या स्त्रियांना जँगो शिकवतो. त्यांची शिकवणी इंटरनेट कसं चालतं, टर्मिनल कसं वापरायचं आणि पायथॉनची ओळख, यांवरून जाऊन मग जँगोकडे येते. तिथला भाग छोटा आहे, पण क्रम पाहा.

पाया का टिकतो याचं एक उदाहरण देते. अँग्युलर जेएस हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं आणि पुढची काही वर्षं नोकरीच्या जाहिरातींत सगळीकडे तेच होतं. २०१६ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली ती इतकी मुळापासून बदलून, की जुना कोड तसाच्या तसा चालेना. जुन्या आवृत्तीचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. ज्यांना फक्त अँग्युलर जेएस येत होतं त्यांना पुन्हा शून्यातून सुरुवात केल्यासारखं वाटलं. ज्यांना जावास्क्रिप्ट येत होतं त्यांना नवे नियम शिकावे लागले, इतकंच. दुसरीकडे एसक्यूएलची मुळं १९७० च्या दशकात आहेत आणि गेट ही विनंती वेबच्या अगदी पहिल्या दिवसांपासून आहे. तुम्ही पाचव्या आठवड्यात जे शिकाल ते तुमच्या संपूर्ण कारकिर्दीत जुनं होईल असं मला वाटत नाही.

एका परिस्थितीत मात्र मी हा सल्ला बदलेन. उद्या तुम्हाला जँगोवरचं काम मिळालं आणि परवापासून रुजू व्हायचं असेल, तर थांबू नका. तेव्हा दिवसा फ्रेमवर्क आणि रात्री त्या दिवशी अडलेल्या गोष्टीच्या एक थर खाली, असं करा. मॉडेल वापरलं तर त्याने कोणतं एसक्यूएल लिहिलं ते पाहा, फॉर्म वापरला तर नेटवर्क टॅबमध्ये काय गेलं ते पाहा. त्या वाटेने वेळ जास्त लागतो आणि मनावर ताणही जास्त येतो, पण तीही पोहोचवते. तुमच्यावर अशी घाई दिसत नाही, म्हणून तुम्हाला मी थांबायला सांगितलं.

चार महिने वाया गेले असं मात्र समजू नका. ब्लॉग चालल्याचा आनंद तुम्ही लिहिला आहे, आणि कोरड्या अभ्यासाच्या आठवड्यांत तोच तुम्हाला धरून ठेवेल. वर्षभर सी गिरवत बसलेल्या कित्येकांना आपण हे कशासाठी करतो आहोत हे माहीत नसतं, आणि ते मध्येच सोडून देतात. तुम्हाला शेवटी काय बनवायचं आहे ते तुम्ही पाहिलेलं आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण सहा आठवड्यांत मोह होईल म्हणून लिहिते: कोड लिहून देणारे एआय सहायक. त्यांना या काळात लिहायला लावू नका, समजावायला लावा. 'दंडाचं फंक्शन लिहून दे' असं म्हणालात तर मिळणारं उत्तर बरोबर असेलही, पण ते तपासण्याची नजर तुमच्याकडे अजून नाही, आणि ४०३ घालवणारी ओळ जशी आली तशीच आणखी एखादी येईल. 'माझं हे फंक्शन १२१२ का देतं, उत्तर न देता मला कुठे पाहायचं ते सांग' असं विचारलंत तर शिकाल. पाया पक्का झाला की हीच साधनं तुम्हाला फार उपयोगी पडतील, कारण त्यांनी दिलेलं वाचून नाकारता येईल.

आणि रिॲक्ट. आत्ता नको. जँगोचं ॲप पूर्ण होऊन दोन-चार माणसांनी ते वापरेपर्यंत नको. त्यानंतर आधी साधं जावास्क्रिप्ट घ्या: पानावरचा घटक शोधून बदलणं, क्लिकला प्रतिसाद देणं, सर्व्हरकडून माहिती मागवणं आणि ती यायला वेळ लागतो हे समजून कोड लिहिणं. मागवलेली माहिती लगेच छापायला गेलात तर माहितीच्या जागी प्रॉमिस, म्हणजे ती नंतर येईल असं नुसतं आश्वासन, दिसेल, तेव्हा दचकू नका, तिथेच थांबून ते समजून घ्या. ॲरेमध्ये नवी नोंद घालणं आणि नवी नोंद असलेला नवा ॲरे बनवणं, हे दोन्ही करून पाहा. पहिल्या आठवड्यांत एकच लिस्ट दोन नावांनी धरून पाहिली असेल तर यातला फरक तुम्हाला सहज कळेल, आणि रिॲक्टमध्ये यादी बदलूनही पडद्यावर काही हलत का नाही, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.